शालनमावशीची चुगलखोर गाडी

शालनमावशीनं पदर कमरेला खोचला, चार्जरची जाडजूड केबल दोन्ही हातांनी उचलली आणि गाडीत खुपसली. टक्क आवाज झाला, हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर आकडे पळायला लागले. कोल्हापूरच्या बाहेर, रत्नागिरी रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या अंगणात आम्ही उभ्या होतो. सकाळचं ऊन कोवळं होतं, आतून मिसळीचा वास येत होता, आणि मावशीनं चक्क लग्नातली इरकल नेसली होती, कारण ती लग्नालाच निघाली होती. स्वतःच्या.

मी तिची साक्षीदार. पुण्यात मी एका कंपनीत काम करते. इलेक्ट्रिक गाडी आणि चार्जर एकमेकांशी ठरलेल्या नियमांनी बोलतात की नाही हे तपासायचं, एवढंच माझं काम. त्यामुळे चार्जर दिसला की माझी जीभ वळवळायला लागते. मी मावशीला सांगायला सुरुवात केली, की बघ, कार्ड नाही, पासवर्ड नाही. तू केबल लावलीस आणि गाडीनं स्वतःच नाव सांगितलं. लग्नघरात पाहुणा दारात येऊन सांगतो ना, मी अमक्या गावचा, अमक्यांकडचा, अगदी तसं. मग चार्जर कंपनीला विचारतो, कंपनी म्हणते हो हे आपलेच, द्या वीज, पैसे खात्यातून घेऊ. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं होतं.

"खातं कुणाचं?" मावशीनं विचारलं.

"अभयचं. गाडी त्यानं घेतलीय ना."

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. तिनं नाव बघितलं आणि तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं कुणी गेलं.

अभय तिचा मुलगा. इचलकरंजीत सूतगिरणीत मोठ्या हुद्द्यावर, आईवर जीव टाकणारा, आणि त्या जिवाखाली आई गुदमरतेय याचा पत्ता नसलेला. मावशीचे यजमान गेल्यावर त्यानं ही छोटी गाडी घेतली, आईला शिकवली, आणि सगळ्या सांगलीला सांगितलं, माझी आई कुणावर अवलंबून नाही. फोनवर तो हसत होता, मला बाजूला उभी राहून सगळं ऐकू येत होतं. "आई, कोल्हापुरात काय काढलंस गं सकाळी सकाळी?"

मावशी म्हणाली, जोतिबाला चाललेय. ते तिच्या तोंडून आपसूक निघालं, कारण जोतिबा आमचा कुलदेव आणि डोंगर तिथून जवळच. तो म्हणाला, मग थांब तिथंच, तेजूलाही बँकेतून घेतो आणि आम्ही दोघं येतो, सगळे मिळून जाऊ. मावशी नको नको म्हणेपर्यंत फोन ठेवलाही. तेजू म्हणजे तेजस्विनी, त्याची बायको. तिचीही बँक इचलकरंजीतच, आणि दोघं रोज सांगलीच्या घरून जाऊन-येऊन करत.

मावशी हॉटेलच्या कट्ट्यावर बसली. "झालं," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा."

आता मागचं थोडं सांगायला हवं. तिथं मलाही ते पहिल्यांदाच नीट कळत होतं. रत्नागिरीचे मुकुंद शेट्ये बंदर खात्यातून निवृत्त झालेले. बहिणीच्या इलाजासाठी मिरजेला आले आणि मावशीच्या वरच्या खोलीत तीन महिने भाड्यानं राहिले. बहीण बरी झाली, परत गेली, आणि या दोघांचं फोनवरचं बोलणं काही थांबेना. मावशीनं अभयला सांगितलं तेव्हा तो ओरडला नाही. तो रडला. बाबांची जागा, लोक काय म्हणतील, आणि तू तर अंडंही खात नाहीस, त्या माणसाच्या घरात रोज मासे. मग विषय बंद. मावशीनं गुपचूप रत्नागिरीला जाऊन नोंदणी लग्नाची नोटीस दिली. नियमानं तो कागद तिथल्या कचेरीत भिंतीवर लागला, सांगलीच्या कचेरीतही लागला, महिनाभर लटकला, आणि एका काळ्या कुत्र्यानंही तो वाचला नाही. पण नोटीस तीन महिनेच चालते. आज शुक्रवार होता आणि मुदत रविवारी संपत होती.

याआधी ती दोनदा निघाली होती. पहिल्यांदा इथंच, कोल्हापूरला, अभयचा फोन आला, आई कुठं आहेस, बाळाला ताप आहे. दुसऱ्यांदा मलकापूरला, आई लगेच ये, घरी पाहुणे येतायत. दोन्ही वेळा ती वळली, आणि रत्नागिरीत शेट्येकाका कचेरीच्या दारात इस्त्रीचा शर्ट घालून संध्याकाळपर्यंत उभे राहिले.

"मी जोतिबाला बोललेय, प्राचे," मावशी म्हणाली. "तिसऱ्यांदा गाडी आडली तर तुझा नकार समजेन. पुन्हा नाव काढणार नाही. आणि आज त्याचंच नाव घेऊन खोटं बोलले. दुसरं काय व्हायचं?"

मी तिला विचारलं, ते फोन नेमके कधी आले? म्हणजे तू काय करत होतीस तेव्हा?

ती आठवायला लागली. पहिल्यांदा चहा पीत होते. दुसऱ्यांदा बाथरूमहून येत होते. आणि गाडी, मी विचारलं, गाडी काय करत होती? ती म्हणाली, गाडी चार्जिंगला होती, दुसरं काय करणार.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्याबरोबर असा संताप आला की मी त्या चार्जरला लाथच घालणार होते. म्हणजे गाडीनं दारात उभं राहून नाव सांगितलं की कंपनी ते अभयच्या फोनवर पाठवत होती. तुमची गाडी अमुक ठिकाणी, अमुक वेळेला, इतकी वीज घेत आहे. मावशीला कधी काही सांगणारा मेसेज आला नव्हता, कारण खात्यात ती नव्हतीच. ती फक्त गाडी चालवत होती. आणि ही सोय किती छान आहे हे मी पाच मिनिटांपूर्वी तिला हातवारे करून समजावत होते.

मी तिला सगळं सांगितलं. देवबिव काही नाही, मावशी, तुझी गाडी चुगलखोर आहे. मला वाटलं ती उडी मारून उठेल. तिनं कट्ट्यावर बसूनच विचारलं. "गाडीनं अभयला सांगितलं हे कळलं. पण गाडीला सांगायची बुद्धी कुणी दिली?"

"आम्ही. आमच्यासारख्या इंजिनिअरांनी."

"आणि तुम्हाला?"

या बाईपुढे डोकं फोडून घ्यावं असं वाटत होतं, तेवढ्यात मागं खट्ट आवाज झाला. पडद्यावरचे आकडे थांबले. हिरवा दिवा गेला. खातेदारानं चार्जिंग बंद केलं होतं. इचलकरंजीत अभयनं बोट लावलं आणि इथं आमची केबल गार पडली. आम्ही जागेवरून हलू नये म्हणून. आणि गाडी एकदा कुणाच्या खात्यात असली की चार्जर दुसऱ्या कुणाचे पैसे घेतच नाही.

मी त्या क्षणी ठरवलं की आज ही बाई रत्नागिरीला पोचणार, मग मला गाडी ढकलावी लागली तरी बेहत्तर. बॅटरी निम्म्याहून थोडी जास्त भरली होती. रत्नागिरीला तेवढी पुरत नव्हती. पण आंबा घाट उतरून खाली साखरप्याला एक चार्जर होता, तिथपर्यंत रडतखडत गेलो असतो. मी म्हटलं, नाहीतर मलकापूरला गाडी सोडू आणि एसटीनं जाऊ. मावशी म्हणाली, नाही. गाडी थांबली तर मी थांबले, बोलीत तसंच आहे.

"पण गाडी अजून थांबलेली नाहीये," मी म्हणाले. "चार्जर थांबलाय. गाडी चालू होतेय की नाही बघ."

मावशीनं विचार केला. मग किल्ली घेतली, फोन बंद करून पर्सच्या तळाशी टाकला, आणि स्टिअरिंगमागं बसली. गाडी चालू झाली. त्या दिवसातला माझा पहिला विजय.

ती गाडी कशी चालवते हे मला माहीत नव्हतं. एकोणसाठ वर्षांची, इरकल नेसलेली, अबोलीचा गजरा माळलेली बाई एसटीला ओव्हरटेक करते तेव्हा शेजारी बसणाऱ्यानं काय धरावं? मी खिडकीवरचं हँडल धरलं. वीज वाचवायची म्हणून आम्ही एसी बंद केला, काचा खाली केल्या, आणि वाऱ्यानं गजऱ्याची फुलं मागच्या सीटवर उडायला लागली. जोतिबाच्या डोंगराकडे जाणारा फाटा आला तसं तिनं गाडी हळू करून हात जोडले. मला धडकी भरली, वळते की काय. पण हात जोडून झाल्यावर तिनं असा वेग घेतला की मीच देवाचं नाव घेतलं.

बांबवडं गेलं, मलकापूर गेलं. मलकापूरचा तो चार्जर दिसला तेव्हा मावशीनं मान फिरवून घेतली. आकडा उतरत होता आणि मी तो मोठ्यानं वाचत होते, मग तिनं मला गप्प बसायला सांगितलं. आंब्याच्या चढाला गाडीनं इतकी वीज खाल्ली की पडद्यावर लाल कासव आलं आणि वेग आपोआप कमी झाला. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी शर्टाच्या बाहीनं घाम पुसत होते. मावशी स्टिअरिंगला चिकटून, गाडीशी बोलत होती. चल बाई, थोडंच राहिलंय, चुगल्या केल्यास ते केल्यास, आता तरी साथ दे.

आणि मग घाट उतरायला लागला. सह्याद्री संपला, खाली कोकण हिरवंगार पसरलं, आणि पडद्यावरचा आकडा चढायला लागला. उतारावर गाडी वीज परत भरून घेते, हे मला शाळेतल्या पाढ्यांसारखं पाठ आहे, मी स्वतः ते शेकडो वेळा तपासलंय. पण त्या दिवशी मी सीटवर चढून नाचायचीच काय ती बाकी होते. सहा टक्के. सात. आठ. मावशी विचारत होती, खरंच वाढतंय का गं, आणि मी सांगत होते, वाढतंय, तू ब्रेक मारू नकोस, नुसता पाय उचल. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो. वळणावरची माकडं आमच्याकडे बघत होती.

पण त्या हसण्याखाली मला खरी भीती होती आणि ती मी तिला सांगितली नव्हती. साखरप्याला केबल लावली की गाडी पुन्हा दारात उभी राहून नाव सांगणार. अभयला कळणार, आम्ही जोतिबाला नाही, घाटाखाली आहोत. तो पुन्हा बोट लावणार. आणि गाडी आपलं नाव सांगणं बंद करू शकते, ते बटण असतं, पण ते खातेदाराच्या फोनमध्ये. गाडीत बसणाऱ्याला ते दिलेलंच नाही. म्हणजे साखरप्याला गाडी आडणार, आणि मावशी तिथून वळणार, आणि आयुष्यभर समजणार की देवानं नाही म्हटलं.

साखरप्याचा चार्जर एका पेट्रोल पंपाच्या मागच्या बाजूला, फणसाच्या झाडाखाली होता. घाटात मिळालेली वीज खालच्या रस्त्यावर परत उडाली होती, आणि आम्ही तिथं पोचलो तेव्हा गाडीच्या अंगात काही राहिलं नव्हतं. मावशी खाली उतरली, गजरा सरळ केला, केबल उचलली आणि डोळे मिटून खुपसली.

टक्क झालं. दिवा हिरवा झाला नाही. पिवळा झाला. पडद्यावर काहीतरी आलं आणि मावशीनं न वाचताच विचारलं, "नाही म्हणतोय ना?"

मी पुढं होऊन वाचलं. पुन्हा वाचलं. आमच्या कामात या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत आणि त्यांच्यात गल्लत केली म्हणून मी पोरांना झापलेलं आहे. खातेदारानं अडवलं तर पडदा सांगतो, परवानगी नाही. इथं तसं नव्हतं.

"नाही म्हणत नाहीये," मी म्हणाले. "ओळखत नाही म्हणतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे ही गाडी आता कुणाच्याच खात्यात नाही. कुणीतरी तिला तिथून काढून टाकलंय. तिचं नाव नाही, गाव नाही. तू कुणाकडची आहेस हे या चार्जरला ठाऊक नाही आणि तो कुणाला सांगणारही नाही. पाहुणा म्हणून पैसे भरा आणि वीज घ्या म्हणतोय."

मावशी पडद्याकडे बघत राहिली. सांगलीत ती भाजी आणायला गेली तरी चार जण विचारतात, आवटीवहिनी, आज इकडं कुठं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती आवटींची सून, मग आवटींची बायको, मग अभयची आई.

"कुणीच ओळखत नाही?" तिनं हळूच विचारलं.

"कुणीच नाही."

तिचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी ती इतकी गोड हसली की वीस वर्षांची असताना ती दिसत असेल तशी मुलगी मला दिसली. "मग लाव की," ती म्हणाली. "दिला त्यानं कौल."

मी माझ्या फोननं पैसे भरले. दिवा हिरवा झाला. मनातल्या मनात मी अभयला मूर्ख म्हणत होते. रागाच्या भरात पठ्ठ्यानं खातंच तोडून टाकलं होतं, आम्हाला अडवायला, आणि त्यापायी स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून बसला होता. आता आम्ही कुठं आहोत हे त्याला सात जन्मांत कळलं नसतं. पंपावरच्या माणसानं आम्हाला कोकम सरबत आणून दिलं आणि विचारलं, कुठं, लग्नाला? मावशी म्हणाली, हो, जवळचं आहे.

कचेरीत आम्ही अक्षरशः पळत शिरलो. शेट्येकाका दारातच होते, पांढरा शर्ट, कडक इस्त्री, हातात पिशवी. शेजारी त्यांचे दोन साक्षीदार, एक लाँचवरचे जुने सोबती आणि एक शेजारी. काकांनी मावशीकडे बघितलं, मग तिच्या गजऱ्याकडे, ज्यात आता दोरा आणि चार फुलं उरली होती. "आलात?" ते म्हणाले. "आले," ती म्हणाली. साहेबांनी कागद पुढं सरकवला. तिनं एका दमात सही केली. मी माझी भलत्याच रकान्यात केली.

बाहेर येऊन तिनं फोन चालू केला आणि अभयला लावला. तो म्हणाला, आई, जोतिबावर तुला शोधून शोधून आमचे पाय मोडले, तू आहेस कुठं? ती म्हणाली, "रत्नागिरीत. माझं लग्न झालं, अभय. तू आधी पाणी पी, मग बोलू." तो वर्षभर नीट बोलला नाही. मग एकदा आला, काकांनी त्याला मुद्दाम वरणभात वाढला, आणि त्यानंच विचारलं, तुमच्याकडे बांगडा चांगला मिळतो म्हणे. आता तो आईला भेटायला येतो की बांगड्याला, यावर घरात दोन मतं आहेत.

पुण्याला परतल्यावर मी आमच्या मीटिंगमध्ये भांडले, की गप्प राहायचं बटण खातेदाराच्या फोनमध्ये नको, गाडीतच हवं, जी बसलीय तिच्या हाताशी. लोक म्हणाले, गाडी चोरीला गेली तर? मी म्हटलं, बाई चोरीला गेली तर? दोन वर्षं भांडले. आता आमच्याकडून तपासून जाणाऱ्या गाड्यांत ते बटण असतं. मी हा किस्सा खूप वेळा सांगितलाय, आणि दर वेळी शेवट अभयच्या मूर्खपणावर केलाय.

गेल्या दिवाळीत तेजूनं स्वतःच्या पगारातून गाडी घेतली. मी सांगलीला त्यांच्याकडे गेले तेव्हा मला म्हणाली, ताई, एवढं करून दे, खातं फक्त माझ्या नावावर हवं, यांचं नाव जोडायचं नाही. मी जोडणी करत होते आणि सवयीनं सांगत होते, इथून मेसेज बंद होतात, इथून बटण, आणि गाडी काढून टाकायची असेल तर...

"काढून टाकायचं मला माहितीय," ती म्हणाली. "तीनदा विचारतं, नक्की का, नक्की का, नक्की का. मग जाते."

मी तिच्याकडे बघितलं. अभय बाहेर पोरांसाठी किल्ल्यावर मावळे लावत होता. तिनं दार लोटून घेतलं.

त्या दिवशी हॉटेलात आई सापडली नाही म्हणून दोघं जोतिबावर गेले होते, आणि तिथं पोचल्यावर अभयनं फोन तिच्या हातात दिला होता. आईची गाडी पार्किंगला दिसत नाही, मी देवळात बघून येतो, तू यावर लक्ष ठेव, तिनं कुठंही केबल लावली की इथं दिसेल. तो गर्दीत शिरला. तेजू गुलालानं लाल झालेल्या पायऱ्यांवर तो फोन घेऊन उभी राहिली. आई कुठं चालल्यात हे तिला कळत होतं, कारण सकाळी कपाट उघडं होतं आणि इरकल जागेवर नव्हती.

"तिन्ही वेळा हो दाबलं, ताई," ती म्हणाली. "हे परत आले तर विचारतात, दिसली का? मी म्हटलं, डोंगरावर रेंज नाही."

मग मी म्हटलं, मावशीला सांगायला हवं. तिला अजून वाटतं, जोतिबानं कौल दिला. दर चैत्रात नारळ पाठवते ती.

तेजूनं नव्या गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली.

"वाटू दे की," ती म्हणाली. "जोतिबाच्या पायऱ्यांवरच तर उभी होते मी."